त्सुनेयोचं छप्पर

होशिनांची पाटी काही केल्या निघेना.

किनुए आजींनी आधी नखांनी खटपट केली, मग लोणच्याच्या पिंपाचं झाकण उचकटायच्या सळईनं. चाळीस वर्षं एकाच चौकटीला चिकटून बसलेली लाकडी पाटी ती. एकोणऐंशी वर्षांच्या बाईनं ओढली म्हणून थोडीच हलणार! शेवटी आजींनी तिला चक्क दम भरला.

"हे बघ, संध्याकाळी परत लावते. आता मुकाट्यानं नीघ."

आणि काय सांगावं, टक् करून पाटी हातात आली. तिच्याखालचं लाकूड अजून कोवळ्या रंगाचं होतं, काल रंधा मारल्यासारखं. आजींनी तिकडे बघायचं टाळलं. पाटी एप्रनच्या उजव्या खिशात घातली, डाव्या खिशातून 'इसोनो' लिहिलेली स्वतःची पाटी काढली आणि त्या जागी ठोकली. जरा तिरकी बसली. बसू दे.

त्सुनेयो होशिनाचं घर आणि किनुए इसोनोचं घर म्हणजे तोचिदाइरा वाडीच्या शेवटच्या वळणावरची जोडगोळी. मधे जेमतेम हातगाडी जाईल एवढी वाट, आणि तीही आता दीड पुरुष बर्फाखाली गेलेली. दोन्ही छपरांवर छातीएवढा थर. लांबून बघितलं तर दोन घरांत काडीचा फरक दिसला नसता. फरक एवढाच, की एका घरात रोज भात शिजत होता आणि दुसरं नोव्हेंबरपासून बंद होतं.

पण यादीत नेमका तोच फरक मोजतात.

दर फेब्रुवारीला शहरातल्या विद्यापीठाची पोरं वाडीत छपरं उपसायला यायची. यंदा नऊ जण आले होते. दोन दिवस, अकरा घरं. गावकचेरीचा नियम एकच: ज्या घरात माणूस राहतं, त्याच घराचं छप्पर. रिकाम्या घरांवर यादीत सरळ लाल रेघ. तोचिदाइरात लाल रेघा सव्वीस होत्या आणि नावं अकरा. अकरावं नाव इसोनो किनुए. तिच्या वरच्याच ओळीत होशिना त्सुनेयो, आणि त्यावर रेघ.

म्हणून आज किनुए आजी होशिनांच्या घरात राहायला आल्या होत्या. दुपारी तीनपर्यंत.

तयारी काही कमी केली नव्हती त्यांनी! सहा वाजल्यापासून त्सुनेयोच्या शेगडीत लाकडं घातली होती, धुराड्यातून छान धूर निघत होता. दारात स्वतःचे गमबूट ठेवले होते. आत दोरीवर दोन टॉवेल आणि पायमोज्यांची एक जोडी वाळत घातली होती. बैठ्या मेजावर चहाची किटली आणि अर्धवट सोललेलं संत्रं. अर्धवट सोललेल्या संत्र्यावर तर त्या स्वतःच खूश झाल्या. रिकाम्या घरात कोण अर्धं संत्रं ठेवून जाईल?

हा काही पोरखेळ नव्हता मात्र. गेल्या ऑगस्टमध्ये, पितरांच्या सणाला सायतामाहून आलेला त्यांचा मुलगा काझुमासा जेवता जेवता म्हणाला होता, "आई, स्पष्टच सांगतो. या हिवाळ्यात छप्पर उपसायला माणूस मिळालं तर राहा इथं. नाही मिळालं, तर मार्चमध्ये मी गाडी घेऊन येतो. तू, बाबांचा फोटो आणि तुझं ते घाणेरडं पिंप, सगळं उचलून नेतो."

"पिंप घाणेरडं नाही."

"वास येतो, आई."

"लोणचं आहे ते. वास यायलाच हवा."

काझुमासा हसला नाही. तो हसला नाही की खरंच बोलतोय, हे आजींना तो चार वर्षांचा असल्यापासून ठाऊक होतं. सायतामाचं घर पाचव्या मजल्यावर होतं. तिथे बर्फ पडत नाही आणि शेजारी कोण राहतं ते सुनेलाही माहीत नाही. यादीतलं अकरावं नाव म्हणजे आजींचा या डोंगरातला मुक्काम होता. तो त्या आज दुसऱ्याच्या दारावर ठोकून बसल्या होत्या.

साडेदहाला पोरं आली. आधी हसण्याचा आवाज आला, मग फावड्यांचा, मग वळणावर पिवळी हेल्मेटं दिसली. सगळ्यांच्या पुढे यादी घेतलेली मुलगी, सावातारी. तिसऱ्या वर्षाला होती. चेहरा असा, की परीक्षेचा पेपर कायम समोर ठेवलाय. तिच्यामागे काजिवारा नावाचा धिप्पाड मुलगा. काल रात्रीच्या जेवणात त्याची मान तीनदा पातेल्याकडे वळलेली आजींनी हेरली होती.

आजींची नजर त्या बाबतीत पक्की. एकतीस वर्षं त्यांनी वाडीच्या शाळेत मुलांना जेवण रांधून घातलं. सुरुवातीला एकशे बारा मुलं होती, शेवटी तीन. तीन मुलांसाठीही त्या तोच मोठा डाव वापरायच्या आणि प्रत्येकाला ताट देण्याआधी तोच प्रश्न विचारायच्या: हात धुतले? शाळा बंद झाली तेव्हा कचेरीनं सगळ्यांना प्रशस्तिपत्रं दिली. आजींनी प्रशस्तिपत्र घेतलं आणि डाव न विचारताच घरी आणला. पोरं आता त्याच शाळेच्या खेळघरात झोपत होती.

"इसोनो आजी, हेच ना तुमचं घर?" सावातारीनं पाटी वाचून विचारलं.

"दिसत नाही का पाटी?"

"दिसते. पण काल मुरोहाशी काका म्हणाले, वळणावरचं दुसरं."

"कुठून मोजलं त्यावर आहे! खालून आलीस तर दुसरं, वरून आलीस तर पहिलं." आजी ठसक्यात म्हणाल्या. "मुरोहाशींना स्वतःचा चष्मा सापडत नाही, माझं घर काय सापडणार? चढा आता. आणि पन्हळीच्या बाजूला जपून, तिथे पत्रा मऊ झालाय."

पत्रा कुठे मऊ आहे, शिडी कुठे टेकवायची, दोर कुठल्या खांबाला बांधायचा, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पाठ का नसेल? एकोणीस हिवाळे त्या खाली उभ्या राहून त्सुनेयोला वर चढताना बघत आल्या होत्या.

एकोणीस वर्षांपूर्वी आजींचे यजमान योशिहारु छपरावरून पडले. स्वतःच्याच छपरावरून, ते पलीकडचं. मऊ बर्फात पडले, त्यामुळे आवाजसुद्धा झाला नाही. आजी स्वयंपाकघरात मुळा चिरत होत्या. मुळा चिरून संपला तरी वरून फावड्याचा आवाज येईना, तेव्हा त्या बाहेर गेल्या. त्यानंतर त्यांचा पाय शिडीच्या तिसऱ्या पायरीवर कधी गेला नाही. दोन पायऱ्या जमायच्या. तिसरीवर गुडघे असे कापायचे, की शिडी वाजायची.

सुतक संपलं त्या सकाळी त्सुनेयो खांद्यावर फावडं टाकून दारात उभी. उंच, रुंद खांद्यांची, आवाज पुरुषासारखा. म्हणाली, "तुझं छप्पर माझ्याकडे. माझं जेवण तुझ्याकडे. मला नाहीतरी भातसुद्धा धड लावता येत नाही." बस. पुढे या विषयावर दोघी कधी बोलल्या नाहीत. एकीनं दोन छपरं उपसली, दुसरीनं दोन ताटं वाढली. आणि जन्मभर छपरांवर चढलेली ती बाई या नोव्हेंबरात न्हाणीघराच्या चार बोटं उंच उंबऱ्याला अडखळून पडली! खुबा मोडला. रुग्णवाहिकेत घालताना तिनं आजींचं मनगट धरलं आणि एकच शब्द बोलली.

"छप्पर."

"बघते मी," आजी म्हणाल्या होत्या.

आता वर नऊ जणांची फावडी चालली होती. बर्फाचे चौकोनी तुकडे पन्हळीवरून सुटत आणि धप् धप् करत अंगणात पडत. वरून काजिवाराचा आवाज आला.

"आजी! शेजारच्या घरात भूत आहे का?"

"का रे?"

"रिकामं आहे म्हणालात, आणि तिथून मिसोच्या साराचा वास येतोय!"

जेवण! एवढा सगळा बनाव रचला आणि सार मात्र शिजत होतं स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीवर. नऊ जणांचं पातेलं त्सुनेयोच्या शेगडीवर मावलंच नसतं.

"असेल भूत," त्या ओरडून म्हणाल्या. "तुझ्यासारखंच भुकेलं असेल. तू फावडं मार!"

वर हशा पिकला. आजी मात्र हसल्या नाहीत. त्या मागच्या वाटेनं जायला वळल्या, तेवढ्यात सावातारी शिडीवरून उतरली, हेल्मेट काढलं आणि जरा लाजत म्हणाली, "आजी, आत जाऊन येऊ?"

"जा की. मोरीच्या शेजारचं दार."

ती आत गेली. चार-पाच मिनिटांनी बाहेर आली, आणि आजींच्या तोंडून सवयीनं, एकतीस वर्षांच्या सवयीनं, निघून गेलं, "हात धुतले?"

शब्द सुटले आणि त्याच क्षणी आजींना आठवलं. पाणी! नोव्हेंबरात त्यांनीच त्सुनेयोच्या घरची मुख्य चावी बंद करून नळ रिकामे केले होते, थंडीत फुटू नयेत म्हणून. धूर काढला, मोजे टांगले, संत्रं सोललं, आणि नळाला थेंबभर पाणी नव्हतं.

सावातारी क्षणभर आजींकडे बघत राहिली. तिचे हात कोरडे होते. तिनं ते जाकिटाच्या खिशात घातले.

"हो, धुतले," ती म्हणाली. "पाणी फार गार आहे, आजी."

आणि शिडीकडे गेली.

आजी मागच्या वाटेनं स्वतःच्या स्वयंपाकघरात आल्या. पुढचं दार आज सकाळपासून बंदच होतं. बर्फाच्या मुलखात छपरावर किती भार आहे ते बघायला वर चढावं लागत नाही, दारच सांगतं. भार नसेल तर सरकतं दार एका बोटानं सरकतं. मग एक हात लागतो, मग दोन. तुळई वरून दाबायला लागली की खांदा लावावा लागतो. आज पहाटे आजींनी खांदा लावला, तेव्हा दार वीतभर सरकलं आणि चौकटीतून कुणीतरी दात खाल्ल्यासारखा आवाज आला. म्हणून त्यांनी ते तसंच लोटून दिलं आणि मागच्या दारानं ये-जा सुरू केली.

साराच्या पातेल्यात मुळा, गाजर आणि डुकराच्या मांसाचे काप खदखदत होते. त्यांनी कांद्याची पात चिरायला घेतली.

"आजी."

मागच्या दारात सावातारी उभी होती. हेल्मेट हातात, बुटांवरचा बर्फ उंबऱ्यावर विरघळतोय.

"नळाला पाणी नव्हतं," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला."

"आणि भिंतीवर कॅलेंडर नोव्हेंबरचं आहे."

"अरेच्चा. ते राहिलंच होय बदलायचं?"

सावातारी हसली नाही. तिची नजर देव्हाऱ्यातल्या फोटोवर गेली. त्यासमोरच्या वाटीत ताज्या भाताची वाफ दिसत होती. मग भिंतीवर, मग आढ्याकडे. तुळई मधोमध किंचित वाकली होती.

"हे तुमचं घर आहे."

"हो."

"मग आम्ही चढलोय ते कुणाचं?"

"मैत्रिणीचं."

"आजी!" ती एकदम जोरात बोलली आणि मग बाहेर ऐकू जाईल म्हणून तिनं आवाज खाली आणला. "मी आत्ता सगळ्यांना खाली उतरवते. अजून दोन तास आहेत. तीनला बस निघते, संध्याकाळपासून परत बर्फ सांगितलाय, घाट बंद होईल. दोन तासांत इथलं जमेल तेवढं करू."

"तिकडे किती झालंय?"

"निम्म्याला कमी. डोंगराकडची बाजू."

"मग नाही उतरवायचं," आजी पात चिरता चिरता म्हणाल्या. "एका बाजूनं उपसलेलं छप्पर म्हणजे एका कुशीवर निजवलेलं घर. उद्या सकाळपर्यंत कलंडेल. आणि दोन तासांत हेही निम्मंच होईल. म्हणजे हेही कलंडेल. दोन घरं पाडशील, पोरी. त्यापेक्षा एक तरी नीट कर."

"पण तुम्ही इथं राहता! यादीत तुमचं नाव आहे! मी यादी केली तेव्हा..." तिचा आवाज चिरकला. वीस वर्षांची असेल. कालपासून पहिल्यांदाच ती वीस वर्षांची दिसली. "त्या कधी परत येणार आहेत? तुमच्या मैत्रीण?"

सुरी थांबली.

वाडीत हा प्रश्न आजींना कुणी विचारला नव्हता. सगळ्यांना ठाऊक होतं म्हणून विचारत नव्हते, आणि कुणी विचारत नव्हतं म्हणून आजींना उत्तर द्यावं लागत नव्हतं.

"नाही येणार," त्या म्हणाल्या.

बाहेर धप् करून बर्फ पडला.

"तिच्या मुलानं तिला सेंदाईला नेलं. म्हाताऱ्यांचं घर आहे तिथे. नवीन वर्षाला मी फोन केला. तिला मी ओळखू आले नाही. कोण बोलतंय म्हणाली. मी म्हटलं, किनुए. तर म्हणाली, बरं बरं, बाई. आणि मग हळूच, कुणी ऐकू नये अशी, मला म्हणाली, 'माझ्या छपराचं कुणीतरी बघा हं. पण शेजारणीला नका सांगू. ती शिडीला फार भिते.'"

आजींनी पात उचलून पातेल्यात टाकली आणि डाव फिरवला. डाव मोठा होता, एकशे बारा मुलांचा. तो पातेल्याच्या कडांना लागत होता.

सावातारी बाहीनं नाक पुसत उभी राहिली. मग म्हणाली, "कागदावर काय लिहू? इसोनो किनुए, छप्पर पूर्ण, असं लिहावं लागतं. सही माझी असते. खोटं लिहू?"

"मघाशी एक बोललीसच की. पाणी गार आहे म्हणून."

"ते वेगळं होतं."

"कसं वेगळं?"

सावातारीनं आढ्याकडे बोट केलं.

"आणि हे घर पडलं तर?" तिनं विचारलं. "तुम्ही आत असताना?"

"आधी वाटी पुढे कर," आजी म्हणाल्या. "त्या काजिवाराच्या आधी खाऊन घे, नाहीतर तळाचं पाणी मिळेल तुला."

त्सुनेयोच्या ओसरीवर सगळे जेवायला बसले. भाताचे मुटके, मिसोचं सार, मुळ्याचं लोणचं. काजिवारानं चौथी वाटी घेतली आणि तोंड भरलेलं असतानाच जाहीर केलं, "आजी, मी इथंच राहतो. मला दत्तक घ्या."

"तुला पोसायला मला डोंगर विकावा लागेल."

"लोणच्यावर राहीन!"

"माझा मुलगा म्हणतो, वास येतो त्याला."

"त्याच्या नाकाचं ऑपरेशन करा!"

पोरं खो खो हसली. आजीही हसल्या. एकटी सावातारी वाटीत बघत राहिली. मग ती सगळ्यांच्या आधी उठली, दोर कंबरेला बांधला आणि वर चढली. त्यानंतर दोन तास ती कुणाशी बोलली नाही. तिचं फावडं मात्र असं चालत होतं, की खालून ऐकताना आजींना वाटलं, वर माणूस नाही, राग चढलाय.

दोन वाजता वाडीचे प्रमुख मुरोहाशी आले. वय चौऱ्याहत्तर, एक गुडघा निकामी, गळ्यात शिक्क्याची डबी. योशिहारुंचे जिवलग मित्र, म्हणून आजी त्यांना भावजी म्हणायच्या. ते वळणावर आले, थांबले. मोकळं होत आलेलं छप्पर बघितलं. शेजारचं बघितलं. मग काठी टेकत दारापर्यंत आले आणि पाटीकडे इतका वेळ बघत राहिले, की पोरंही बघायला लागली.

"वहिनी," ते शेवटी म्हणाले, "पाटी तिरकी बसलीय."

"दिसलं मला."

"चष्मा नसताना मलाही दिसतंय."

ते आजींना घेऊन अंगणाच्या कडेला गेले. तिथे त्यांचा आवाज बदलला. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? त्या घराबद्दल त्सुनेयोच्या मुलानं कचेरीला लिहून दिलंय, आम्ही काही करणार नाही, पडलं तर पडू दे म्हणून. पडणाऱ्या घरावर तुम्ही नऊ पोरं चढवलीत आणि राहतं घर तसंच ठेवलंत! माझा गुडघा धड असता तर मी आत्ता..."

"गुडघा धड असता तर तुम्ही मागच्याच आठवड्यात वर चढून पडला असता. एक पुरे झालं त्यातलं."

मुरोहाशींनी काठी बर्फात रोवली. योशिहारुंना बर्फातून उकरून काढताना ते होते.

"काझुमासाचा फोन येतो मला रोज," ते म्हणाले. "छप्पर झालं का, एवढंच विचारतो. आज काय सांगू?"

"सांगा झालं."

"आणि मार्चमध्ये येऊन त्यानं डोळ्यांनी बघितलं तर?"

"मार्चमध्ये बघायला काही उभं असलं तर बघेल," आजी म्हणाल्या. त्यांना तो शब्द असा कोरडा काढायचा नव्हता, पण निघाला.

पावणेतीनला छप्पर पूर्ण झालं. पत्र्याचा लाल रंग दिसायला लागला. त्सुनेयोनं तो स्वतः दिला होता, जास्तच भडक. सावातारीनं ओसरीवर कागद ठेवला. 'इसोनो किनुए, छप्पर पूर्ण' लिहून सही केली. पेन कागदावर टेकवून ती जरा वेळ थांबली, आणि मग सहीखाली काहीच न लिहिता तिनं तो मुरोहाशींकडे सरकवला. त्यांनी डबी उघडली, शिक्का शाईत दाबला, त्यावर फुंकर मारल्यासारखा श्वास सोडला आणि मारला.

"शाई जरा जास्त लागली," ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले.

निरोपाला पोरं एका रांगेत उभी राहून कमरेत वाकली. काजिवारा इतका खाली वाकला की त्याचं हेल्मेट घरंगळत अंगणात गेलं. सगळे हसत हसत वळणाकडे निघाले. सावातारी मागे राहिली. पलीकडच्या छपराकडे तिनं बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवल्यासारखी मान तिनं ताठ धरली होती.

"आजी, पुढच्या वर्षी..." तिनं सुरुवात केली.

"पुढच्या वर्षी हात धुऊन जेवायला बस," आजी म्हणाल्या.

बस घाटाकडे गेली. इंजिनाचा आवाज दोन वळणांपर्यंत ऐकू आला, तिसऱ्याला नाही. आणि जणू त्याचीच वाट बघत असल्यासारखा बर्फ सुरू झाला. मोठ्या, सुट्ट्या पाकळ्या, वारा नसल्यामुळे सरळ खाली येणाऱ्या.

आजींनी सळईनं 'इसोनो' उचकटली. ती तिरकी असल्यामुळे लगेच निघाली. 'होशिना' तिच्या जागी लावली. खालच्या कोवळ्या लाकडावर ती अशी बसली, की कधी हललीच नव्हती. मग आपली पाटी घेऊन त्या पलीकडे गेल्या. लावण्याआधी दार बघावं म्हणून एका हातानं ओढलं. दोन हातांनी ओढलं. खांदा लावला. दार हललं नाही. आत कुठेतरी, खूप वर, काहीतरी बारीक कडकडलं आणि थांबलं.

त्या तशाच, खांदा दाराला टेकून, थोडा वेळ उभ्या राहिल्या. या दारातून त्या तेविसाव्या वर्षी नवरीच्या वेषात आत आल्या होत्या. तेव्हा ते किती बोटांनी सरकलं होतं, हे काही केल्या आठवेना.

मग मागच्या दारानं तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला गादी आणि रजई. दुसऱ्या खेपेला भाताचं पातेलं, डाव आणि लोणच्याचं एक छोटं भांडं. पिंप काही उचललं नसतं. तिसऱ्या खेपेला फोटो, एप्रनच्या आत, छातीशी धरून, म्हणजे बर्फ लागू नये. तिन्ही वेळा त्सुनेयोचं दार एका बोटानं सरकलं. तिसऱ्या वेळी आजी उंबऱ्यात थांबल्या आणि रिकाम्या घरात सवयीनं म्हणाल्या, "आले गं."

आपली पाटी त्यांनी आत, पाहुण्यांच्या सपाता ठेवतात त्या फळीवर ठेवली.

शेगडी अजून गरम होती. कॅलेंडर एप्रिल ते मार्चचं होतं; त्याची तीन पानं त्यांनी फाडली, फेब्रुवारी वर आला. मग डाव घेऊन त्या बाहेर आल्या, पायरीशेजारचा बर्फ डावानं उकरला आणि तळाशी पाण्याची लोखंडी चावी सापडली तेव्हा ती दोन्ही हातांनी फिरवली. आत येऊन मोरीतला नळ सोडला. नळ आधी खोकला. मग गढूळ, तांबूस पाणी थुंकला, पुन्हा खोकला, आणि मग एकदम स्वच्छ धार लागली.

आजींनी बाह्या सारल्या आणि दोन्ही हात धारेखाली धरले.

पाणी खरंच फार गार होतं.